मुळांत राहिलेलं

३ फेब्रुवारी २०१७
महाराजपूर, जबलपूर

आलो एकदाचे! भंडाऱ्याहून निघताना आई पाटा-वरवंटाही घ्यायचा म्हणून हटून बसली होती. मी म्हटलं, अगं, जबलपुरात एक वेळ माणूस मिळणार नाही, पण दगड पायलीचे पन्नास मिळतात. तेव्हा कुठे ऐकलं. तरी लोणच्याची बरणी आणि माझ्या भावाचा, सुगतचा, फोटो तिनं स्टेशनपासून मांडीवरच ठेवला. ऑटोवाल्याला वाटलं म्हातारी देव घेऊन चालली. तसं ते खोटंही नव्हतं.

क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे पेरूचं झाड, मागे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे माझी नोकरी. शहराचं सांडपाणी आमच्या प्लांटमध्ये येतं, टाक्यांमधून साफ होतं, आणि शेवटचा हात फिरवायला नव्यानं केलेल्या वाफ्यांमध्ये सोडलं जातं. मी त्या वाफ्यांची केमिस्ट. ऐकायला साधं वाटतं, पण मला आज दोन इंच उंच झाल्यासारखं वाटतंय.

संध्याकाळी कांचघरहून पुष्पामावशी भेटून गेली. आईची धाकटी बहीण. तिचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. "कुंदा, तू आली, बहुत अच्छा किया बेटा. आता तुझ्या मायले इथंच ठेव, वहाँ कौन बैठा है?" दोघी बहिणी खोया-जलेबी खात रडल्या आणि रडत हसल्या. मी भांडी लावली.

७ फेब्रुवारी

वाफे पाहिले. वर्णन करायलाच हवं, कारण इतकं देखणं गटार मी जन्मात पाहिलं नाही. लांबलचक हौदांत गिट्टी, म्हणजे खडी, भरलेली, गिट्टीत बोरू लावलेला, माणसाच्या दीडपट उंच, वर करड्या तुऱ्यांचे झुबके. कडेनं कर्दळ. पाणी दिसतच नाही. ते गिट्टीच्या खालून, मुळांमधून हळूहळू सरकतं, म्हणून ना डास, ना वास. शेवटी एका उघड्या हौदात निघतं, आणि काय निघतं! निवळशंख. तळाचं नाणं काटा की छापा ते वरून सांगता यावं.

इथली एक रीत आहे. उद्घाटनाला म्हणे कोणी मोठा साहेब आला होता आणि त्यानं ग्लास ओठांना लावून हळूच बाजूला ठेवला. लोक हसले. त्या दिवसापासून प्लांटमधला प्रत्येक जण रोज सकाळी हौदातलं एक ग्लास पाणी सगळ्यांसमोर पितो. आपण साफ केलेलं आपणच नाही प्यायचं, तर दुसऱ्याला काय तोंडानं सांगायचं? रिपोर्ट मी स्वतः काढला, पिण्याच्या पाण्याच्या मापानंही त्यात काही खोट नाही. प्यायले. चव नाही. म्हणजे खरंच कसलीच चव नाही.

ऑपरेटर भैयालालजी पहिल्या दिवसापासून इथे आहेत. फार सौम्य माणूस. मी त्यांचं गाव विचारलं तर हसून म्हणाले, "यहीं के हैं, दीदी." घरी कोण? पुन्हा तेच हसू. एकूण इथली माणसं शांत. कोणी कोणाची चहाडी करत नाही. भंडाऱ्याच्या ऑफिसात माझं दर सोमवारी भांडण व्हायचं. इथे भांडायला कोणी मिळेल असं दिसत नाही, म्हणजे पंचाईतच.

१६ फेब्रुवारी

मिळाली! झाडलोट करायला येणारी गीताबाई. मूळची पांढुर्ण्याकडची. तोंड असं की पाटण रोडवरचे मटारचे ट्रक हॉर्न वाजवायचे थांबतील. ती पाणी घरून डब्यात आणते. मी म्हटलं, बाई, हौदातलं का पीत नाही? तर म्हणे, "मॅडमजी, ते नाल्याचं पाणी हाये. तुमी कागदावर साफ करा नाई त देवाच्या दारात, मी काहून पिऊ?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तासभर समजावलं, मूळ म्हणजे काय, जंतू म्हणजे काय. पालथ्या घड्यावर पाणी. पण मीही कुंदा मेश्राम आहे.

भैयालालजींनी हौदात शोभेचे नारिंगी मासे सोडलेत. त्यांचा रंग उतरलाय. काही तर पार पांढरे झालेत. ऊन कमी लागत असेल, खाणंही बेताचंच.

३ मार्च

आज कॉलेजची मुलं बघायला आली होती. एका मुलीनं चांगलं विचारलं. मॅडम, पाण्यातून जे काढलं, ते जातं कुठे? मी म्हटलं, कुठेच जात नाही. जगात काही नाहीसं होत नसतं. ते मुळांना धरून राहतं, मग मुळं ते वर खेचतात. म्हणून ठरावीक वेळी बोरू कापून लांब नेऊन जाळावा लागतो, नाही तर मुळं भरली की धरलेलं पुन्हा सोडतात. मुलांनी वहीत लिहून घेतलं. मला मास्तरीणबाई झाल्यासारखं वाटलं.

गीताबाईनं आज मुलांसमोर ग्लास घेतला. मीच भरीला पाडलं. "घ्या बाप्पा, मेली त तुमच्या माथी," म्हणून गटगट प्यायली. टाळ्या पडल्या. जिंकले!

२० मार्च

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

आमच्याकडे हा चवदार तळ्याचा दिवस. आई दर वर्षी या दिवशी पांढरं लुगडं नेसते आणि एकच गोष्ट सांगते. ती लहान असताना उन्हाळ्यात गावच्या विहिरीशी गेली. पाणी वरून ओंजळीत ओतणारं कोणी येईना. तिनं दोराला हात लावला. पलीकडून दगड आला. तिच्या डाव्या भुवईत अजून त्याची खाच आहे, तिथे केस उगवत नाहीत. गोष्ट सांगताना ती त्या खाचेवर बोट ठेवते. मला ती गोष्ट पाठ आहे, तरी दर वर्षी समोर बसून ऐकते.

आज म्हणाली, तुझं पाणी दाखव. सुगत काविळीनं गेला, नळात गटार मिसळलं होतं. तेव्हापासून तिनं कुठल्याही पाण्यावर विश्वास ठेवलेला नाही, घरातलंही दोनदा उकळते. म्हणूनच तर मी पाण्याच्या कामात शिरले. हौदापाशी नेलं. भैयालालजी अदबीनं ग्लास भरून द्यायला पुढे झाले. आई म्हणाली, "नाई भैया. वरून कोणी ओताचं नाई. मी आपल्या हातानं घेईन." खाली बसली, कोपरापर्यंत हात बुडवला, ग्लास भरला आणि सावकाश, एकेक घोट करत प्यायली. मग म्हणाली, "विहिरीले हात लावला म्हणून दगड खाल्ला मी. आन आता माही पोट्टी अख्ख्या शहराचं पाणी साफ करून राहिली." मी रडले. लाजले नाही, चांगली मोठ्यानं रडले.

उद्यापासून रोज कॅन भरून घरी न्यायचा असं आईनं फर्मान काढलं आहे.

२९ मार्च

आई झोपते आहे! सुगत गेल्यापासून पहाटे उठून दारात जाऊन त्याला हाक मारायची, नेम असल्यासारखी, रोज. या आठवड्यात एकदाही नाही. चेहरा उजळलाय, गुडघे दुखत नाहीत, भुवईतली खाचसुद्धा फिकी दिसते. मी गमतीनं म्हटलं, काय गं, दुसरं लग्न करतेस का? हसली. पूर्वी धपाटा घातला असता.

७ एप्रिल

गीताबाई बदलली. येते, झाडते, नमस्ते म्हणते, जाते. आज मुद्दाम तिच्या झाडलेल्या जागी कागद टाकला. तिनं उचलला आणि हसली. मी विचारलं, पांढुर्ण्याला जाणार होतीस ना लेकीकडे? ती म्हणाली, "किसके पास, मैडम?" ठसकेबाज मराठी कुठे गेली हिची?

पुष्पामावशीचा फोन आला, रागात होती. रविवारी येऊन गेली तेव्हा मी बाजारात होते. आईनं तिला पाट दिला, चहा दिला, आणि शेवटी विचारलं, आप किसके यहाँ आई हैं? मावशी म्हणाली, "मस्करी होती का ते? सगी बहन हूँ मैं." मी म्हटलं मस्करीच असेल. वय झालं की होतं असं, डॉक्टरला दाखवीन.

आईला हिंदी धड येत नव्हती. आता सुरेख बोलते. कुठल्याच गावची वाटणार नाही अशी.

१४ एप्रिल

जयंती. निळी साडी काढून ठेवली होती. आईनं विचारलं, आज काय आहे?

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, गोड आवाजात. मी तिच्या भुवईकडे पाहिलं. खाच नाही. फिकी नव्हे, नाहीच. तिथे केस आहेत, सरळ, काळे. मी विहिरीची गोष्ट विचारली. कसली विहीर, म्हणाली. मी सांगितली, सगळी, दगडासकट. तिनं शेजारणीचं दुःख ऐकावं तसं ऐकलं आणि म्हणाली, बिचारी.

मी सुगतचा फोटो पुढे धरला. ती म्हणाली, गोड मुलगा आहे, तुमचा कोण?

तुमचा.

मिरवणुकीचे ढोल अधारतालच्या बाजूनं ऐकू येत होते. मी कॅनमधलं सगळं पाणी मोरीत ओतलं.  दुपारी पाहते तर कॅन पुन्हा भरलेला. कुंपणाच्या तारेतून वाट पडली आहे, तिच्या अंगाएवढी.

१६ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम, या वयात अशी कोणाची नसते.

भैयालालजींना धरलं. हे पाणी काय करतं माणसाला? ते जराही दचकले नाहीत. "अच्छा लगता है, दीदी. कुछ चुभता नहीं." त्यांच्या मनगटावर एक फिकट पट्टा आहे. तिथे कोणाचं तरी नाव गोंदलेलं असणार. मी विचारलं कोणाचं. त्यांनी हात उलटापालटा करून कौतुकानं पाहिला.

१८ एप्रिल

भर दुपार, वारा नाही, पान हलत नव्हतं. वाफ्याच्या मधल्या पायवाटेवर सॅम्पल घेत होते. बोरूतून कोणी म्हणालं, "काहून रे, अजून आला नाई? जेवण निवून राहिलं."

आईचा आवाज. खरा. खरबरीत, भंडाऱ्याचा, थोडा चिडका. मग पुन्हा, पहाटे दारातून मारायची तशी हाक — सुगत, अय सुगत.

मी घराकडे धावले. आई पेरूखाली बसली होती, तोंड मिटलेलं, हसत.

१९ एप्रिल

आज पुन्हा ऐकलं. आईच एकटी नाही. गीताबाईच्या शिव्या आहेत. एक पुरुष आहे, कोणा रामकलीला हाका मारतो. भैयालालजी शेजारून घमेलं घेऊन गेले, त्यांनी मानही वळवली नाही.

मुलांना मीच सांगितलं होतं. नाहीसं काही होत नाही. मुळांना धरून राहतं.

गिट्टी उकरून एक मूळ उपटलं, बाटलीत पिळलं. गढूळ, तपकिरी. नाकाला लावलं. जवसाच्या तेलाचा वास, चुलीचा धूर, आईचं डोकं. घरात जी आहे, तिला कितीतरी दिवसांत वासच नाही. आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

२१ एप्रिल

आईला कांचघरला मावशीकडे नेऊन ठेवलं. मावशी तिला रात्रंदिवस लहानपणीच्या गोष्टी सांगणार, नळाचं उकळलेलं पाणी देणार.

संध्याकाळ व्हायच्या आत आई परत. चालत आली, पाय सोलवटलेले, चेहऱ्यावर दमणूक नाही. थेट हौदापाशी. हात बुडवला. प्यायली. पायाच्या जखमा माझ्या देखत —

मावशी फोनवर रडत होती. मी तिला काय सांगू?

२४ एप्रिल

पुढच्या सोमवारी बोरूची कापणी. उन्हाळ्यात करतातच, वाळतो चांगला. कापायचा, ट्रॉलीत भरायचा, लांब नेऊन जाळायचा. मी वर अर्ज केला, थांबवा. कारण काय लिहू? पाखरांची घरटी आहेत असं लिहिलं. उत्तर नाही.

जाळलं की संपलं. विहीर, दगड, सुगतचं जेवण, मी जन्मले ती गोष्ट. सगळं धुरात.

आज भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. हार घातलेला मुलगा. कोण हे आठवायला वेळ लागला. मला. मला वेळ लागला!

मीही रोज एक ग्लास — पहिल्या आठवड्यापासून — सगळ्यांसमोर —

२६ एप्रिल

बंद केलंय. घरून डबा नेते, गीताबाईसारखा. उशीर झालाय बहुतेक. बाबांचा चेहरा आठवत नाही. भंडाऱ्याच्या घराला दार कुठल्या बाजूला होतं? या वहीतली पहिली पानं वाचली. फार बडबडी बाई आहे. मला आवडली. तिच्याइतका राग मला आता येत नाही, प्रयत्न केला तरी.

भीती मात्र वाटते. ती वाटते तोवर मी आहे असं धरून चालले आहे.

बोरूत आज एक नवा आवाज होता. बाईचाच. भांडत होती. कुठेतरी ऐकलेला —

२९ एप्रिल

एकच मार्ग आहे. मुळं धरलेलं सोडतात, पिळली तर. आईच्या हाका येतात तिथली मुळं मला माहीत आहेत. पिळून ते पाणी मी प्यायचं. आईला पाजून पाहिलं, तिनं थुंकलं, कडू आहे म्हणाली, तोंड पुसून हसली. तिच्यात आता काही ठरत नाही. काचेवर पाणी टाकल्यासारखं.

माझ्यात राहील. मग मी तिला रोज सांगेन. विहिरीची गोष्ट, बोट ठेवून, माझ्याच भुवईवर. सुगतची. रोज सांगितलं की शिकेल. लहान मूल शिकतं तसं. माझ्यात जागाही आहे आता, पुष्कळ —

३० एप्रिल

सकाळी बादलीभर मुळं काढली. हात कापले. पिळलं. तांब्याभर निघालं. समोर ठेवून लिहिते आहे.

आई दारात उभी. हातात स्वच्छ पाण्याचा ग्लास. दीदी, पानी लीजिए, म्हणते.

नाही आई. आज हे.

मी कुंदा मेश्राम. आईचं नाव भागीरथा. भावाचं नाव सुगत. मी कुंदा —

कडू. खूप कडू. आणि ऊन. विहीर —

तारीक मले माईत नाई

मी भागीरथा. लिवनं साक्षरतेच्या वर्गात शिकली तेवडंच येते. कुंदानं घोटून घेतलं होतं, आपलं नाव आन सुगतचं.

कुठं होती मी एवडे दिवस? वल्लं होतं, अंधार होता. आवाज देऊन राहिली होती, कोनी आयकत नोतं. कुंदा रोज वरून जाये. तिचे पाय दिसत.

आता ह्या खोलीत हावो. सुगतचा फोटो हाये. एक म्हातारी बसली हाये, माह्यासारकीच दिसते, पन भिवई साफ हाये तिची. पानी घ्या म्हनते. ओळकत नाई मले.

आरशात पाह्यलं. तोंड कुंदाचं. हात कुंदाचे, कापलेले. मी हाक मारली, कुंदे, त आवाज बी तिचाच. पन ती नाई यात. सगळीकडे शोधली. पाक रिकामं हाये.

सुगत गेला थे ठाऊक हाये मले. थे दुख माहं हाये, वापस भेटलं, बरं झालं. पन कुंदा काहून जाईन? तिनं काय केलं होतं?

भायेर ट्रॅक्टर आला. मानसं विळे घेऊन बोरूत शिरली. कापून राहिले.

तिकून कोनी भांडते. मोठ्यानं. थांबा म्हनते, अर्ज केला म्हनते, मी कुंदा मेश्राम हावो म्हनते —

अरे थांबा. थांबा बाप्पा. माही पोट्टी हाये तिथं. कापू नका, मी येऊन राय